राखणदार

आईला जमिनीवर पडलेली सुकी काटकी बघवत नाही. देवरुखजवळच्या ज्या गावात तिचं उभं आयुष्य गेलं, तिथे रानातून घरी येणारं माणूस रिकाम्या हातानं येत नाही. बगलेत चार काटक्या, ओच्यात चार करवंदं, काहीतरी असतंच. गेल्या वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, ती आमच्याकडे सिडनीला आली आणि पहिल्याच आठवड्यात मागच्या फाटकातून सहज बाहेर पडली. परतली ती सुक्या फांद्यांची लहानशी मोळी घेऊन. इथे चूल नाही, बंब नाही, तरी मोळी. माझी लेक परसात झोक्यावर होती. ती खाली उतरली, मोळीकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, हे परत ठेवूया? हे आपलं नाही." आईने विचारलं, "मग कुणाचं?" "लिझर्डचं. ब्लू टंगचं. ती ह्याच्याखाली राहतात." मला वाटलं, आता आई दुखावणार. पण तिचा चेहरा उजळला. "असं होय! म्हणजे ही रहाटी आहे तर." रहाटी म्हणजे आमच्याकडे देवाच्या नावाने राखलेलं रान. दोघी पुन्हा फाटकाबाहेर गेल्या, जिथली काटकी तिथे ठेवली आणि हात झटकत परत आल्या. येता येता आईने नातीला विचारलं, "मग हिचा राखणदार कोण गं?" लेक म्हणाली, "धरुग लोक. इथले मूळ रहिवासी. शाळेत असेंब्लीला आम्ही म्हणतो ना, ही जमीन त्यांची आहे." आईने पायरीवर बसत पुढचं विचारलं, "आणि ते राहतात कुठे?" लेकीने माझ्याकडे बघितलं. तिला देण्यासारखं उत्तर माझ्याजवळही नव्हतं.

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे.

आईच्या गावची देवरहाटी मी लहानपणी दुरूनच बघितलेली. दिवसासुद्धा आत अंधार. बेहडा, किंजळ, सातवीण, त्यांवर चढलेल्या गारंबीच्या मांडीएवढ्या वेली, आणि खाली पिढ्यान्‌पिढ्या कुणी न हलवलेला पाचोळा. झाड पडलं तर पडल्या जागी कुजायचं. पोटासाठी लोकांनी सगळे डोंगर बोडके केले, कोळसा पाडला, पण रहाटीतली काडी कुणी घरी आणली नाही. देवळाचा वासा बदलायचा झाला तर गुरव देवीला कौल लावायचा. मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर झाड तोडायचं, डावीकडून पडली तर सगळ्यांनी मुकाट्याने घरी जायचं. आईला हे सगळं अंधश्रद्धा म्हणून कधी वाटलं नाही आणि फार मोठं तत्त्वज्ञान म्हणूनही नाही. ती रीत होती. आमच्या छपरावर झुकलेला ब्लू गम, म्हणजे इथला एक निलगिरी, बघून तिने विचारलं की हा काढत का नाही, तेव्हा तिला सांगितलं की काउन्सिलकडे अर्ज केला होता. झाडाचे फोटो लावले, वृक्षतज्ज्ञाचा अहवाल जोडला, महिनाभर वाट बघितली आणि उत्तर आलं की झाड निरोगी आहे, वाळलेली फांदी तेवढी काढा. आई शांतपणे म्हणाली, "डावी पडली म्हणायची." त्यानंतर त्या झाडाबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून ते झाड जरा अधिक आपलं वाटू लागलं आहे. वादळी रात्री वर फांद्या घासल्याचा आवाज येतो, भीती वाटते, पण आता त्या भीतीत चीड नसते.

आम्ही थॉर्नलीला राहतो. उत्तर सिडनीच्या या पट्ट्यात आगगाडी डोंगराच्या कण्यावरून धावते. हॉर्न्सबीपर्यंतचा हा मार्ग 1886 साली झाला. स्टेशन वर, दुकानं वर, शाळा वर. घरांच्या गल्ल्या मात्र दोन्ही अंगांनी खाली उतरत जातात आणि एका जागी डांबर संपून रान सुरू होतं. आमची गल्ली त्यातलीच. शेवटच्या दिव्याच्या खांबापुढे दगडी पायऱ्या आहेत, त्या उतरलं की लेन कोव्ह नदीचं खोरं. नदी म्हणायची ती पुढे. इथे आमच्या बाजूला तिचा उगम, म्हणून नुसते ओहोळ. हे रान का उरलं हे मला समजलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं होतं. वरच्या कण्यावर शेल खडकाची काळसर, सकस माती. तिथे ब्लू गम आणि ब्लॅकबटचं उंचच उंच अरण्य होतं. लाकूडतोड्यांनी ते आधी गाठलं, मग संत्र्यांच्या बागा आल्या, मग आमच्यासारख्यांची घरं. त्या ब्लू गम हाय फॉरेस्टचा आता मूळच्या पाच टक्केही भाग शिल्लक नाही. खाली दरीत वालुकाश्म, माती वीतभर, कडे उभे. तिथे ना बाग होणार ना घर. म्हणून ते राहिलं. रहाटी राहिली ती देवीच्या धाकाने. हे रान राहिलं ते कुणाच्या कामाचं नव्हतं म्हणून.

सगळंच असं नशिबाने उरलं नाही, हेही खरं. इथून काही स्टेशनं पलीकडे गॉर्डनला ॲनी वायट नावाच्या बाई राहायच्या. आजूबाजूची झाडं धडाधड पडताना बघून त्यांनी 1927 मध्ये शेजारपाजारच्यांना गोळा करून वृक्षप्रेमींची एक संघटना उभी केली आणि पुढे 1945 मध्ये वारसा जपणाऱ्या इथल्या नॅशनल ट्रस्टचा पाया घातला. सेंट आयव्हजला डॅलरिम्पल-हे नावाचं एक लहान राखीव रान आहे, तिथे तो जुना ब्लू गम अजून उभा आहे. आईला तिथे घेऊन गेलो होतो. गुळगुळीत, राखाडी-निळसर खोडं सरळ वर, मान दुखेपर्यंत वर. आईने एका खोडाला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. गावच्या देवळात खांबाला लावते तसा.

रानाशेजारचं घर म्हणजे शांतता, असं इथे न राहणाऱ्यांना वाटतं. आमच्या घरात रानाचे कायदे चालतात आणि ते आमच्या रीतींना छेद देतात. आपल्याकडे चपला दाराबाहेर. इथे बाहेर ठेवलेल्या बुटात फनेल-वेब कोळी शिरून बसू शकतो, विशेषतः पावसानंतर. त्याच्या विषावरचा उतारा 1981 मध्ये निघाला आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने कुणी दगावलेलं नाही, हे सगळं ठाऊक असूनही बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही हे लेकीच्या अंगात भिनलंय. दाराच्या आत आम्ही एक उंच मांडणी केली, चपला तिथे. आईला ते आठवडाभर बोचलं. घरात, तेही स्वयंपाकघराच्या वाटेवर चपला! मग एकदा तिने परसात लाकडाच्या ओंडक्याखाली ते काळं तुकतुकीत प्रकरण स्वतः पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वहाणा मांडणीवर सगळ्यात वरच्या फळीवर होत्या.

दुसरा कायदा गोचिडांचा. रानातून खेळून आलेल्या मुलाला आंघोळीआधी तपासायचं. कानामागे, मानेवर केसांच्या रेषेत, काखेत, गुडघ्याच्या मागे. इथली गोचीड नुसती रक्त पीत नाही. काहींना तिची भयंकर ॲलर्जी होते, आणि कुत्र्यामांजरांना तर ती लुळं करून मारते. चिमटीत धरून ओढायची नाही. औषधाच्या दुकानात एक फवारा मिळतो, त्याने आधी जागीच गोठवायची. हे काम आईने पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी व्हरांड्यात ती खुर्चीवर, लेक खाली पाटावर, हातात फणी, आणि मोकळ्या केसांतून बोटं फिरवत गोष्टी चाललेल्या. लेक एरवी केसांना हात लावू देत नाही कुणाला. त्या अर्ध्या तासात मी मुद्दाम तिथे रेंगाळायचे. माझ्या केसांतून आई असाच हात फिरवायची तेव्हा शोध उवांचा असायचा. तो स्पर्श तोच होता, आणि मला तो चाळिशीत दुरून बघायला मिळत होता. हेवा वाटला असं म्हणणं बरोबर नाही, पण नुसता आनंदही नव्हता तो.

रात्री छपरावरून पॉसम धावतात. पावलं इतकी जड की पहिल्या रात्री आई उठून बसली होती. पांढरे काकाकुवे कचऱ्याच्या चाकाच्या डब्याचं झाकण चोचीने उचलून, कडेकडेने चालत मागे ढकलतात. हे त्यांनी एकमेकांचं बघून आत्मसात केलंय. ही कला 2018 पूर्वी सिडनीच्या तीनच सबर्बांत दिसत होती, ती 2019 अखेर 44 सबर्बांत पोचली होती, असं संशोधकांनी मोजून दाखवलं. आमच्या गल्लीत आता झाकणांवर विटा दिसतात. आईला काकाकुव्यांपेक्षा जास्त जवळचा वाटला तो ब्रश टर्की, काळा, कोंबड्यापेक्षा थोराड, मान लाल आणि गळ्यात पिवळी झोळी. माझ्या नवऱ्याने मोठ्या मायेने लावलेल्या कढीपत्त्याच्या आणि गवती चहाच्या बुडाशी घातलेला सगळा पालापाचोळा त्याने दोन दिवसांत पायाने मागे उडवत उडवत कुंपणाच्या कडेला नेला आणि तिथे ढीग रचला. नवरा हताश. पण हा पक्षी संरक्षित, अंडी असलेल्या ढिगाला हात लावायचा नाही. मग ढीग वाढत गेला, छातीएवढा झाला.

आणि मग आम्ही सगळेच त्याच्यात गुंतलो. हा ढीग नर बांधतो. पाला कुजला की आत ऊब तयार होते, माद्या येऊन अंडी घालून जातात, आणि पुढचे साधारण पन्नास दिवस नर त्या ढिगाची राखण करतो. रोज सकाळी तो वरचा पाला उकरतो, डोकं आत खुपसतो, चोचीने ऊब जोखतो. तेहतीस ते पस्तीस अंश हवं. जास्त झालं तर पाला बाजूला, कमी झालं तर वर आणखी भर. माझा नवरा दाढी करता करता खिडकीतून त्याच्याकडे बघत राहायचा. लेक तापाने फणफणली होती त्या आठवड्यातली गोष्ट. तो रात्री दर दोन तासांनी उठून तिच्या कपाळाला हात लावून यायचा आणि सकाळी खिडकीशी उभा. मला त्या दोघांकडे एकाच वेळी बघून भरून यायचं. पण टर्कीच्या संसाराचा पुढचा भाग मला अजून पेलत नाही. पिल्लू अंडं फोडून, ढिगातून स्वतःची वाट खणत वर येतं, आणि सरळ चालू लागतं. काही तासांत उडायलाही लागतं. बाप त्याला ओळखत नाही, ते बापाला ओळखत नाही. खाऊ कुणी भरवत नाही, धोका कुणी दाखवत नाही. इतकी काळजी आणि त्यानंतर काहीच नाही. आईने हे ऐकून विचारलं, "मग त्यातली जगतात किती?" फार थोडी, मी म्हणाले. ती बराच वेळ ढिगाकडे बघत होती. तिची दोन्ही मुलं समुद्रापार आहेत. त्या क्षणी तिच्या मनात काय आलं ते मी विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका पहाटे कोकीळ ओरडला.

आईने डोळे मिटूनच हाक ओळखली. "अगो, आंबे पिकले की काय इथे?" तो आपलाच, किंवा आपल्याचा अगदी सख्खा भाऊ. इथला कोएल हिवाळा न्यू गिनीकडे काढतो आणि वसंतात सिडनीला येतो, मार्चपर्यंत राहतो. आवाज तसाच चढत जाणारा, शेवटी धीर सुटल्यासारखा. अंडी मात्र तो कावळ्याच्या घरट्यात नाही, इथल्या रेड वॉटलबर्ड वगैरे पक्ष्यांच्या घरट्यात घालतो, आणि मग ते बिचारे आपल्याहून मोठ्या पिल्लाला दिवसभर भरवत राहतात. आमच्या गल्लीत त्याचं कुणाला कौतुक नाही. पहाटे चारला सुरू होतो, झोप मोडतो, अशी तक्रार दर वर्षी कानावर येते. मला त्यांचं चुकतं असं वाटत नाही. चैत्र, कैरी, सुट्टी, आजोळ, यातलं काहीच त्या आवाजाला त्यांच्यासाठी चिकटलेलं नाही. पण इथे आलो त्या पहिल्या वर्षी, नोकरी नव्हती, ओळख नव्हती, आणि अंधारात तो ओरडला, तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले होते. ज्या देशात झाडाच्या पानाचंही नाव मला येत नव्हतं, तिथे कुणीतरी माझ्या ओळखीच्या सुरात बोलत होतं. आता तो आवाज लेकीचाही आहे. तिला तो ऐकला की पोहण्याचे वर्ग आणि दिवाळीचे कंदील आठवतात. माझ्या कोकिळेला कैरीचा वास येतो, तिच्याला क्लोरिनचा. यातलं कुठलं खरं, हा प्रश्न मला पडत नाही, पण ही दोन कोकिळांमधली दरी मला दिसत राहते.

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही बुशकेअरला जातो. शेजारपाजारची दहाबारा माणसं, बहुतेक निवृत्त, हातमोजे, लहान कुदळी, मधे चहा-बिस्किटं. काम एकच, तण काढणं. पण ते काढण्याची पद्धत इथल्याच दोन बहिणींनी घालून दिली. मोसमनच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली. साठच्या दशकात या दोघी फिरायला जाता जाता रोज थोडं थोडं तण उपटायच्या आणि बघायच्या की मागे काय उगवतं. त्यातून त्यांनी सांगितलं की जिथे तण माजलंय तिथून सुरुवात करू नका. जिथे रान सगळ्यात धडधाकट आहे तिथून करा, हळूहळू वाईटाकडे सरका, जमीन शक्य तितकी कमी उकरा, आणि रान जितक्या वेगाने परत येईल तितक्याच वेगाने पुढे जा. आपली घाई तिथे कामाची नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कामापेक्षा त्यातला धीर आवडला होता. मूल वाढवताना माझ्याच्याने तो राहत नाही. तिचं जे बिघडतंय तिकडेच माझं बोट आधी जातं.

आई सोबत आली त्या रविवारी आमच्या वाट्याला ओढ्याकाठची घाणेरी होती. आईला ती लांबूनच वासाने कळली. "ही मेली इथेही!" कोकणातल्या डोंगरांवर हिने काय उच्छाद मांडलाय ते तिला सांगावं लागत नाही. ही मूळची अमेरिकेतली, दोन्हीकडे आगंतुक. पदर खोचून आई भिडली. गटाच्या प्रमुख बाईंनी तिला थांबवून सांगितलं की सगळी एकदम काढायची नाही, लहान रेन पक्षी तिच्यात घरटी करतात, दुसरी झुडपं वाढेपर्यंत त्यांना आडोसा हवा. आईने मान डोलावली. पण त्याच ओढ्याच्या वळणावर पुढे एक गच्च बेट होतं, रुंद पानं. ते काय आहे ते तिने पानावरून ओळखलं आणि तिथेच थबकली. सोनटक्क्याची हिमालयातली बहीण, पिवळ्या फुलांची, लाल केसरांची. इथे ती बागांतून निसटून दऱ्याखोऱ्यांत पसरली आहे आणि कंदासकट खणून काढावी लागते. आईच्या परसात विहिरीच्या पाण्यावर पांढरा सोनटक्का आहे, गौरींना तोच. तिने एक पान चुरगळून नाकाशी धरलं. मग बाजूला जाऊन पुन्हा घाणेरीच उपटत बसली. त्या बेटाला तिने हात लावला नाही आणि दुसऱ्यांनी खणलं तेव्हा तिकडे बघितलंही नाही.

ते कंद मी खणले. हात चिखलात होते आणि डोक्यात कोकणातले समुद्रकिनारे होते. तिकडच्या पुळणीवरची सुरूची बनं, ज्यांच्या सावलीत आमच्या सहली झाल्या, ती याच दिशेची. वनखात्याने उजाड डोंगरांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ इथल्या उत्तरेकडची. शाळेच्या आवारातला सिल्व्हर ओक इथल्याच पूर्व किनाऱ्याकडचा. निलगिरी तर आहेच. म्हणजे मी लहानपणी ज्या सावलीत खेळले तिच्यातली निम्मी इथून गेलेली होती, आणि इथे येऊन मी आईच्या फुलाची भावंडं उपटतेय. कोण कुठलं, हे झाडांच्या बाबतीत मला नीट सांगता येतं. ज्याच्या असण्याने दुसरं काही उगवत नाही ते काढायचं, ही कसोटी मला पटते. हीच कसोटी माणसांना लावायची वेळ येते तेव्हा मी अस्वस्थ होते. या उतारावर माणसांनी काय काय उगवू दिलं नाही, ते माहीत असताना तर फारच.

वालुकाश्मावरच्या भागात स्क्रिब्ली गम नावाचं झाड असतं. एका पतंगाची अळी जुन्या आणि नव्या सालीच्या मधून बोगदा खणत फिरते आणि जुनी साल गळाली की तिची वाट खोडावर उमटलेली दिसते, न उचलता ओढलेल्या रेघेसारखी. आईला ती आजोबांच्या पेटीतल्या मोडी कागदांसारखी वाटली. त्या झाडाच्या पलीकडे ओढ्यातल्या सपाट खडकावर लांबट, गुळगुळीत खोबणी आहेत. दगडी कुऱ्हाडींना धार लावण्याच्या त्या जागा. पाणी जवळ, दगड खरखरीत, बसायला सपाट. आईने त्यातल्या एका खोबणीत बोट फिरवलं आणि म्हणाली, पाट्याला टाकी लावून घ्यावी तशी इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसली असतील. आणि मग पुन्हा तेच, "गेली कुठे?"

मी तिला जे ठाऊक होतं ते सांगितलं. 1788 मध्ये इंग्रजांची जहाजं सिडनीला आली आणि पुढच्याच वर्षी देवीची साथ पसरली. या किनाऱ्यावरची गावंच्या गावं तिने नेली. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आमच्याकडे देवी म्हणजे रोगही आणि रहाटीत बसलेलीही. उरलेल्यांच्या जमिनी गेल्या, मग कित्येकांची मुलंही सरकारने घेतली. पण ते संपले नाहीत. धरुग वंशाची कुटुंबं आजही सिडनीत आहेत, विशेषतः पश्चिमेकडे, त्यांची भाषा पुन्हा बोलू पाहतायत. आई ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे राखणदार आहेत. घर बदललंय त्यांचं." मला ते इतकं सोपं वाटत नाही. त्यांनी घर बदललं नाही, त्यांना काढलं. आणि ज्या कण्यावरून काढलं त्याच कण्यावर आमच्या घराचं कर्ज मी दर महिन्याला फेडते. त्या जमिनीची कागदपत्रं माझ्या कपाटात आहेत. लेक जेव्हा इतक्या सहज "हे आपलं नाही" म्हणते तेव्हा ते वाक्य तिच्या तोंडी नुसत्या सरड्यांपुरतं असतं की त्याहून मोठं, हे मला तिला विचारावंसं वाटतं, पण ती अजून लहान आहे.

आगीबद्दल मात्र तिच्याशी बोलावंच लागतं. 12 नोव्हेंबर 2019 हा दिवस या घरात कुणी विसरलेलं नाही. सिडनीसाठी त्या दिवशी पहिल्यांदाच आगीच्या धोक्याची सर्वांत वरची पायरी जाहीर झाली होती. रानाजवळच्या शाळा बंद. लेक तेव्हा बालवाडीत. सकाळपासून वायव्येचा भाजून काढणारा वारा. नवऱ्याने छपराच्या पन्हळी आधीच साफ केल्या होत्या, त्यांना चेंडूंचे बोळे लावून पाण्याने भरल्या होत्या. कारण घर बहुतेक वेळा ज्वाळेने पेटत नाही, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्याने पेटतं, आणि तो निखारा पन्हळीतल्या सुक्या पानांत पडतो. दुपारी खोऱ्याच्या पलीकडे साउथ टुरामुराला आग लागली. विमानं खाली येऊन गुलाबी रंगाचं अग्निरोधक ओतून गेली. आग आटोक्यात आली, घरं वाचली, आणि संध्याकाळी बातम्यांत दिसलं की तिथली छपरं, मोटारी, झाडं, सगळं गुलाबी झालंय. मग पुढचे दोन महिने धूर. सकाळी सूर्य तांबडा, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी. त्या उन्हाळ्यात या राज्यात दोन हजार चारशेहून अधिक घरं गेली.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवतो. वरची पायरी जाहीर झाली की वाट न बघता निघायचं, घर वाचवायला कुणी थांबायचं नाही, कुठल्या रस्त्याने, कुणाकडे. पिशवीत पासपोर्ट, औषधं, लोकरी ब्लँकेट, सुती कपडे, आईने दिलेला अन्नपूर्णेचा टाक. यंदा आई त्या टेबलाशी होती. लेकीने विचारलं, आपण गेलो तर रानाचं काय? नवऱ्याने तिला सांगितलं की जळालेल्या गमच्या काळ्या खोडातून काही आठवड्यांत हिरवी पालवी फुटते, बँक्सियाच्या कित्येक जातींची बोंडं आगीने उघडतात आणि बी टाकतात, ग्रास ट्रीला आगीनंतर जोमाने भाल्यासारखे तुरे येतात. रान जळून परत येतं, आपलं घर येत नाही. पण मग आईने जे विचारलं त्याने बोलणं वेगळ्या वाटेला लागलं. ती म्हणाली, रानाला आग हवीच असते तर ती लावायचं कोण ठरवायचं? तिला भाजावळ ठाऊक, पेरणीआधी जमीन भाजायची ती कोकणातली रीत. कुठला तुकडा, कुठला वारा, कुणाच्या शब्दावर, हे सगळं असतं त्यात. इथेही असंच होतं. धरुगांसारखे लोक थंड हवेत, लहान तुकड्यांत, चालत मागे राहता येईल इतकी मंद आग लावत. झुडपं साफ व्हायची, शेंड्याला झळ लागायची नाही, प्राण्यांना पळायला वेळ मिळायचा. ती माणसं गेली तशी ती आगही गेली, आणि सुकं इंधन साचत राहिलं. आता काही ठिकाणी मूलनिवासी जाणकारांना बोलावून ती पद्धत पुन्हा सुरू झाली आहे.

डिसेंबरात परत जाण्याआधी आईने मागच्या फाटकाशी उभं राहून गाऱ्हाणं घातलं. नारळ नाही, तांदूळ नाहीत, कारण तिथे काही ठेवायचं नाही हे तिला आता नातीकडून पक्कं कळलं होतं. नुसते शब्द. बारा पाचाच्या देवा महाराजा म्हणून सुरू झालेलं ते मागणं तिने ज्या कुणाची ही जागा असेल त्याच्याकडे वळवलं. लेकरं तुझ्या सावलीला राहिली आहेत, त्यांना सांभाळ, त्यांच्याकडून चुकलं तर सांग. लेक तिच्या बाजूला उभी राहून प्रत्येक वाक्यावर "व्हय महाराजा" म्हणत होती.

आता मे महिना. शरद ऋतू, हवा कोरडी आणि थंड, पहाटे दरीत धुकं. गेल्या आठवड्यात पत्रपेटीत एक सूचना पडली की आमच्या मागच्या उतारावरचा एक तुकडा आग लावून साफ करायचाय, हवा जुळेल त्या दिवशी. खिडक्या बंद ठेवा, कपडे वाळत घालू नका, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी काळजी घ्या. रात्री फोनवर लेकीने ती आजीला मराठीत वाचून दाखवली, अडखळत, मधे मला विचारत. आई सगळं ऐकून म्हणाली, "कौल घेतला का?" लेकीने माझ्याकडे बघितलं. त्या पत्रात काउन्सिलचं नाव होतं, अग्निशामक दलाचं होतं, तिसरं कुणाचं नव्हतं. रविवारी बुशकेअरच्या बाईंना विचारणार आहे की हा तुकडा ठरवताना धरुगांपैकी कुणाशी बोलणं झालंय का, आणि झालं नसेल तर तसं पत्र कुणाला लिहायचं. लेकीने सांगितलंय की पत्र तिच्याही सहीने जाणार.